उतरणीचं वर्ष

समोरच्या दाराबाहेर रिद्धीच्या चपला आठवडाभर एकाच जागी पडून होत्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं की परीक्षा आली. बाकीच्या खुणाही आहेतच म्हणा. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर क्लासवाल्यांचे नवे फ्लेक्स लागलेत, गेल्या वर्षीच्या हुशार पोरांचे पासपोर्ट फोटो आणि प्रत्येकाच्या हनुवटीखाली त्याचे मार्क. कोपऱ्यावरच्या मावशीकडे मोगऱ्याचे गजरे स्वस्त झालेत. वारा समुद्राकडून सुटला की वसईच्या पाचूबंदरला वाळत घातलेल्या बोंबलांचा वास सरळ आमच्या चौथ्या मजल्यावर येतो, आणि आई खिडक्या लावत पुटपुटते, "आला बाई पाहुणा." दरवर्षीचंच हे सगळं. पण त्या चपलांकडे बघत मी दारातच उभी राहिले.

रिद्धीने ड्रॉप घेतलाय. बारावी झाली, पहिल्या वेळी डॉक्टरकीचं जमलं नाही, म्हणून वर्षभर घरी बसून पुन्हा तीच परीक्षा द्यायची, याला ड्रॉप घेणं म्हणतात. काय पण शब्द! घेतला काय, डोळ्यात घालायचा थेंब आहे का तो? मीही घेतला होता, आठ-नऊ वर्षं झाली असतील. तेव्हाही लोक असंच म्हणायचे आणि म्हणताना आवाज जरा खाली आणायचे. रिद्धीची आई परवा मला जिन्यात गाठून हळूच म्हणाली, "ताई, तेवढी बेल नका हं वाजवू. कुरिअर आलं तर तुमच्याकडेच ठेवून घ्या. तिला अजिबात डिस्टर्ब नकोय." मी मान हलवली. कुरिअर ठेवून घेतलं. मुलगी मात्र महिन्याभरात दिसली नाही मला.

पहिल्या निकालानंतर मला जो भेटेल तो एकच विचारायचा, किती पडले? आपल्याकडे मार्क पडतात. मिळत नाहीत, येत नाहीत, पडतातच. वाण्याने विचारलं, रिक्षावाल्याने विचारलं, पापडीच्या बाजारात कोबी निवडता निवडता एका अनोळखी बाईने आईला विचारलं. आमच्या परीक्षेचं नाव नीट, त्यामुळे विनोदाला तर ऊतच आलेला. "नीटला नीट बसली नाहीस वाटतं?" असं म्हणून हसणारे मामा माझ्या वाट्याला तीन वेळा आले. हसायचं तरी किती माणसाने! पप्पा विनोद करत नव्हते आणि रागावतही नव्हते. ते फक्त म्हणाले, "अजून एक वर्ष. मग मात्र मिळेल ते शिकायचं आणि डॉक्टर हा शब्द घरात काढायचा नाही." मला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. पाचवीत असल्यापासून मी वहीच्या मागच्या पानावर नावाआधी डॉक्टर लिहून सही करत होते. तेव्हा ते एक वर्ष म्हणजे काय होतं ते सांगायला नको.

आमच्या बिल्डिंगच्या शेजारी तेव्हा मोठा टॉवर उठत होता. सकाळी आठला ड्रिल सुरू व्हायचं ते दिवेलागणीपर्यंत. म्हणून दसऱ्यानंतर पप्पांनी मला माझ्या पुस्तकांसकट पापडीला काकांच्या वाडीत नेऊन ठेवलं. काका म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. पप्पांनी नोकरी धरली, काकांनी वाडी. केळी, थोडी भाजी, कडेने मोगरा आणि मधोमध पानवेली, आपण विड्याला खातो ती पानं. काकू वारल्या होत्या, चुलतभाऊ पुण्याला नोकरीला. घरात काका एकटे. मला राहायला त्यांनी विहिरीजवळची पत्र्याची खोली दिली. तिथे पूर्वी पानं निवडून त्यांच्या जुड्या लावायचे. भिंतींना ओल्या पानांचा वास इतका मुरलेला होता की माझ्या बायोलॉजीच्या पुस्तकालाही तो लागला. आजही कुणी विडा उलगडला की मला आधी मानवी हृदयाची आकृती दिसते, कप्पे-झडपांसकट. आता यावर काय बोलणार!

आधी मला वाटलं, छानच झालं, शांतता. पण शांतता पहिले आठ दिवस बरी असते. मग ती अंगावर येते. माझी मैत्रीण मेल्विना, पापडीचीच, आम्ही पहिलीपासून एका बाकावरच्या. ती पहिल्याच फटक्यात नर्सिंगला लागली आणि मंगळुरूला गेली. दर रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाली की देवळाबाहेरूनच फोन करायची. तिच्याकडे रोज नवं काहीतरी. हॉस्टेलची मेस, रडणारी रूममेट, वॉर्डातला पहिला पेशंट. माझ्याकडे काय? तेच गतीचे नियम, तीच कार्बनची साखळी. "आणि तुझं काय चाललंय?" तिने विचारलं की मी म्हणायची, "चाललंय." नाताळात ती घरी आली होती. त्यांच्या गल्लीतून कुसवाराचा, म्हणजे नाताळच्या फराळाचा, तळणीचा वास यायचा आणि गाणी म्हणत फिरणाऱ्या पोरांचे आवाज. मी तिच्याकडे गेले नाही. जानेवारीत टेस्ट होती. नंतर तिचे फोन पंधरा दिवसांनी यायला लागले, मग मी फोनच पप्पांकडे देऊन टाकला. अभ्यासात मन लागत नाही, मी म्हणाले. घरच्यांना ते फार आवडलं. आईने नातेवाइकांना कौतुकाने सांगितलं, पोरीने फोन सोडला.

एकटं असणं आणि एकटं पडणं यात फरक आहे, तो मला त्या खोलीत कळला. दुपारी चर्चची घंटा व्हायची, कुठेतरी पंप सुरू व्हायचा, पत्रा तापून कडकड वाजायचा. मी मोठ्याने वाचायची, ते पाठ व्हावं म्हणून नव्हे, आवाज ऐकू यावा म्हणून. एकदा तर भिंतीवरच्या पालीला मी पचनसंस्था पूर्ण समजावून सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकलं, उगाच खोटं का बोला.

आणि मग फेब्रुवारी संपता संपता काकांनी वेल उतरवायला घेतले.

पानवेल आधाराच्या झाडावर वर वर चढत जाते. वर्षभरात ती इतकी उंच जाते की खालचा दांडा नुसता उघडा राहतो आणि पानं लहान पडायला लागतात. मग तिचे सगळे बंध सोडायचे, तिला अलगद खाली घ्यायचं, उघड्या दांड्याचं वेटोळं करून बुंध्याशी मातीत पुरायचं. वरचा शेंडा तेवढा बाहेर ठेवायचा आणि केळीच्या सोपटाने, म्हणजे खुंटाच्या वाळलेल्या सालीने, पुन्हा आधाराला बांधायचा. पुरलेल्या दांड्याच्या पेरापेराला नवी मुळं फुटतात. या कामाला आमच्याकडे उतरण म्हणतात. तेवढे दिवस पानं खुडायची नाहीत, वाडी भुंडी दिसते, गिऱ्हाईक परत जातं. पण उतरण चालू आहे म्हटलं की कुणी जास्त विचारत नाही.

कामाला येणारे दोघं नवीन होते. घाईघाईत माती ओढायचे आणि शेंडाही पुरून टाकायचे. काका बांधावरून ओरडायचे, "शेंडा बाहेर! अरे शेंडा बाहेर ठेव, कुजल ना तो!" दिवसभर हेच चालायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी चहाच्या वेळी मी दार उघडलं नाही, तेव्हा काका खिडकीशी येऊन त्याच आवाजात ओरडले, "काय गो, शेंडा बाहेर!" मला असं हसू फुटलं म्हणता! कित्येक आठवड्यांत मी हसले नव्हते. बाहेर जाऊन विहिरीच्या कठड्यावर बसून चहा प्यायले. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी हाक यायची. शेंडा बाहेर. मी डोकं काढायची, चहा व्हायचा, काका त्यांच्या कामाचं बोलायचे, मी ऐकायची. दहा-पंधरा मिनिटं. दिवसातलं माणसांशी बोलणं तेवढंच.

एकदा त्यांनी विचारलं, "तुझा तो डिराप म्हणजे काय गो नक्की?" मी सांगितलं, वर जायला मिळालं नाही म्हणून एक वर्ष खाली थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. काकांनी कप खाली ठेवला. मग त्यांचा चेहरा उजळला. "मंग असं बोल ना. उतरण!" त्यांना फार बरं वाटलं. इतके महिने पुतणी करते काय हे त्यांना कुणाला सांगता येत नव्हतं, आता शब्द सापडला. पापडीत, बाजारात, देवळाच्या पारावर ते सगळ्यांना सांगत सुटले, यंदा पोरीची उतरण हाय. आणि वाडीवाले समजून मान हलवायचे. मला आत कुठेतरी ते आवडलंही होतं.

पण काका आमच्या बिल्डिंगमध्येही बोलले. केळफूल द्यायला आईकडे गेले होते, लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, पोरगी दिसत नाही हल्ली? काकांनी अभिमानाने सांगितलं, तिची उतरण चाललीय. आता त्या बाई कुठल्या वाडीतल्या! त्यांना ऐकू आलं हिंदीतलं उतरन, म्हणजे दुसऱ्याने वापरून टाकलेले कपडे. त्यांचा मुलगा माझ्याच क्लासला, मी तिथे फक्त शनिवारच्या टेस्टपुरती जायची. शनिवारी टेस्टला गेले तर मागच्या बाकावरून आवाज आला, "ए उतरन, सरक जरा." सगळे हसले. आमची रिपीटरांची बॅच, हसणाऱ्यांतले निम्मे तर माझ्यासारखेच, दुसऱ्यांदा बसलेले. त्या दिवशी मी पेपरातले गोल काळे करत होते आणि कानात तोच एक शब्द. त्या टेस्टला माझे सगळ्यात कमी मार्क पडले.

वाडीत आले ती तडक काकांकडे. ते सोपट भिजवत बसले होते. मी म्हणाले, "काका, मला उतरण म्हणायचं नाही. कुणालाच सांगायचं नाही. आणि त्या हाकाही नकोत. माझा अभ्यास मोडतो." माझा आवाज किती चढला होता ते मला ठाऊक नाही. काकांनी हातातलं सोपट पाण्यात ठेवलं. "बरं गो," म्हणाले.

बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून चहा खिडकीच्या कट्ट्यावर यायचा, वर बशी झाकलेली. हाक नाही. मला आधी बरं वाटलं, मग रोज साडेपाचच्या सुमाराला माझे कान आपोआप टवकारायला लागले. बाहेर पावलं वाजायची, बशीचा आवाज व्हायचा, पावलं परत जायची. त्या गड्यांवरही काका ओरडेनासे झाले, जवळ जाऊन हलक्या आवाजात सांगायचे. वाडीभर सगळं कसं मुकं झालं. मी उठून म्हणायला हवं होतं की काका, हाक मारा. सोपं होतं ते. पण अठराव्या वर्षी माणसाला सोपं काही सुचत नाही, आणि आपला शब्द मागे घ्यायचा तर मान आडवी. मी आतून ऐकत राहिले, ते बाहेरून चालत राहिले, आणि आमच्या दोघांमध्ये एक पत्र्याचं दार.

मे महिन्यात परीक्षा झाली. केंद्र लांबचं मिळालं होतं, पप्पा सोबत आले. निघताना काका फाटकापर्यंत आले, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मग म्हणाले, "पानी पी मधेमधे." केंद्राबाहेर पोरींच्या कानांतल्या कुड्या, केसांतल्या क्लिपा, हातांतले धागे, सगळं उतरवून घेत होते. आया ओंजळी पुढे करून उभ्या. एका मुलीची नाकातली चमकी निघेना तर तिची आई रस्त्यावर बसून साबण लावत होती. मी मोकळ्या केसांनी, रिकाम्या कानांनी आत गेले. हॉलमध्ये पंखा होता, तो माझ्या बाकापर्यंत पोचत नव्हता. पेपर बरा गेला असं वाटलं. बरा गेला हेच सगळ्यात वाईट असतं, त्यामुळे महिनाभर आशा सुटत नाही.

तो महिना मी वाडीतच काढला. अभ्यास संपला होता तरी खोलीतून बाहेर पडायची सवय गेली होती. वेलांना नवी पालवी फुटली होती, कोवळी, तेलकट चकाकणारी. शेंडा पुरला गेलेले काही वेल मात्र काळे पडून बुंध्याशीच बसले होते. मी खिडकीतून बघायची.

निकाल दुपारी लागला. पप्पांचा फोन काकांच्या फोनवर आला. काकांनी दार वाजवलं, फोन आत दिला आणि लगेच मागे वळले. पप्पा म्हणाले, "थोडक्यात गेलं गं." थोडक्यात. सपशेल गेलं असतं तर माणूस रडून मोकळं तरी होतं. थोडक्यात गेलं म्हटलं की आयुष्यभर ते थोडकं मोजत बसायचं. मागे आईच्या नाक ओढण्याचा आवाज येत होता. पप्पा म्हणाले, "बघू आता." मी म्हटलं, हो. फोन ठेवला, कडी लावली.

किती वेळ बसले होते, देव जाणे. रडले नाही. बाहेरचे आवाज ऐकत होते. कोणीतरी येईल, दार वाजवेल, काहीतरी बोलेल, असं वाटत होतं. चहाची वेळ आली. पावलं वाजली नाहीत. बशी वाजली नाही. मला एकदम जाणवलं की आज तर चहासुद्धा आला नाही, म्हणजे आता कुणालाच आपली गरज नाही. त्या वर्षात पुष्कळ वाईट दिवस गेले, पण त्या तासाइतकी एकटी मी तोवर कधी पडले नव्हते, नंतरही नाही. खोली अंधारायला लागली. मग मीच उठले. राग आला होता म्हणा किंवा भूक लागली होती म्हणा. कडी काढली.

काका पायरीवर बसले होते. दाराला पाठ लावून. मी दार उघडलं तसे ते मागे कलंडले आणि भिंत धरून सावरले. शेजारी चहाचा कप, त्यावर बशी. चहावर जाड साय आलेली.

"कधीपासून बसलात?" मी विचारलं.

"दुपारपासून. चहा तवाच आणला."

"मग हाक नाही मारायची?"

काका माझ्याकडे बघेनात. बोटाने बशीची कड पुसत राहिले. "तू नको बोललीस ना गो," ते म्हणाले. मग एखाद्या परक्या घरी विचारावं तसं त्यांनी विचारलं, "आता मारली तर चालंल?"

मला रडूच फुटलं. त्यांच्या शेजारी त्या अरुंद पायरीवर बसले. काकांनी काही शहाणपण सांगितलं नाही. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं आणि तसा आवही त्यांनी आणला नाही. फक्त एकदा, अगदी हळू, स्वतःशी म्हणावं तसे म्हणाले, "शेंडा बाहेर." मग चहा तापवायला उठले.

मी डॉक्टर झाले नाही. पप्पांनी म्हटल्याप्रमाणे मिळेल ते शिकले, आता वसईतच एका लॅबमध्ये रक्त काढायचं-तपासायचं काम करते. म्हातारी माणसं म्हणतात, पोरीचा हात हलका आहे. बरं वाटतं. पण मे महिन्यातल्या त्या रविवारी, पोरं मोकळ्या केसांनी रांगेत उभी असतात तेव्हा, मला अजूनही थोडं दुखतं. लोकांना वाटतं मी विसरले. कसलं विसरतेय! मेल्विना आता परदेशात आहे, नाताळला फोन करते. काका गेले. वाडीत चुलतभावाने सगळीकडे केळी लावल्यात, पानवेल एकही उरली नाही, आणि उतरण म्हटलं तर आमच्या घरातल्या नव्या पोरांनाही तो शब्द उतरन वाटेल.

आज संध्याकाळी मी चहा केला, दोन कप. माझा ओट्यावरच ठेवला, दुसऱ्यावर बशी झाकली आणि तो घेऊन समोर गेले. बेल वाजवायची नाही असं सांगितलेलं, म्हणून दारावर बोटाने टकटक केलं. रिद्धीची आई घरी नव्हती. पुष्कळ वेळाने दार चारच बोटं उघडलं. चष्मा, विस्कटलेले केस, डोळ्यांखाली काळं.

"ताई, मॉक टेस्ट चालू आहे," ती म्हणाली.

"बरं गं," मी म्हणाले.

दार लागलं. मी घरी परत जायला वळले. मग वाटलं, मला कुठे घाई आहे? कप शेजारी ठेवला, तिच्या चपला जरा बाजूला सरकवल्या आणि दाराला पाठ लावून तिथेच बसले.